तात्या, भोपळा सापडला

तात्या, तुम्ही गेलात आणि सांगलीच्या बंधाऱ्यापासून हरिपूरच्या संगमापर्यंतची कृष्णा चालायची राहिली. जेमतेम तीन-चार किलोमीटर. वाईच्या घाटावरून निघालेला माणूस दोन वर्षं टप्प्याटप्प्यानं चालत सांगलीपर्यंत येतो आणि संगम हाकेच्या अंतरावर आल्यावर निघून जातो, याला काय म्हणायचं? मला तुमचा राग आला होता. तुमच्या तेराव्याला पुरणपोळी वाढून घेतानाही आलेला होता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "रजा संपली पोरी, हजर व्हाय लागतंय." आणि वर पोळीवर तूप घ्यायला लावलं असतंत.

त्या दिवशी मांडवात सगळे मला विचारत होते की मी हवालदारांची कोण. फौजेतून परतलेल्या तुम्हाला गाव हवालदारच म्हणायचं. तुमच्या पुतण्यानं परस्पर सांगून टाकलं, "ही ती रीलवाली." मी नेहमीप्रमाणे चिडून समजावून सांगायला गेले. रील नाही, व्हिडिओचं काम आहे, नदीवरचं. त्यात नदी दिसत नाही. पाण्यात एक वाळलेला भोपळा सोडायचा आणि तो ज्या चालीनं जाईल त्याच चालीनं तात्यांनी काठानं चालायचं. तो थांबला की थांबायचं, त्यानं गिरकी घेतली की यांनीही घ्यायची. कॅमेरा फक्त तात्यांवर. ऐकणारे मान हलवत होते. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "म्हंजी रीलच की." तुम्ही दोन वर्षं हेच ऐकून घेतलंत आणि एकदाही चिडला नाहीत, हे मला तेव्हा आठवलं.

आपली पहिली भेट आठवते? माहुलीच्या संगमावर मी आमच्या सांगलीच्या एका नाटकवाल्या मित्राला घेऊन आले होते. तो डोळे मिटून, हात लाटांसारखे हलवत काठानं चालत होता आणि मी मोठ्या श्रद्धेनं चित्रण करत होते. तुम्ही पायरीवर बसून अर्धा तास बघत होतात. मग उठून माझ्याजवळ आलात.

"बाय, ह्यो पोरगा काय करतोय?"

"नदी झालाय तो."

"न्हाई. ह्येला थंडीताप आलाय. पाणी असं हात हालवत न्हाई. पाणी खालनं चालतं."

आणि तुम्ही चालून दाखवलंत. कंबरेच्या वरचं अंग जागच्या जागी, पावलं मात्र जमिनीला न सोडता सरकत पुढं. फौजेत आयुष्यभर रंगरुटांना कवायत शिकवलेला माणूस तो. पावलाचा वेग सांगाल तेवढा वाढवायचा, सांगाल तेवढा कमी करायचा, आणि छातीवर त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही तुमची विद्या. मी कला महाविद्यालयात पाच वर्षं काढून जे शोधत होते ते तुम्ही टायरच्या चपलेत करून दाखवलंत. मित्र बिचारा हात खाली करून उभा राहिला. तो आजही तुमचं नाव काढलं की हसतो.

भोपळाही तुमचाच. मी नारिंगी प्लॅस्टिकचा चेंडू आणला होता, लांबून दिसावा म्हणून. तुम्ही तो हातात घेऊन परत दिलात. "प्लॅस्टिक वाऱ्यावर चालतं. भोपळा पाण्यावर चालतो." लहानपणी तुम्ही पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलात, आणि तसलाच एक घराच्या माळ्यावरून काढून आणलात. तो फार वर तरंगू नये म्हणून देठाकडून भोक पाडून आत माहुलीची वाळू भरलीत, मूठ-दोन मूठ, आणि भोक मेणानं बुजवलंत. कानाशी नेऊन हलवलात. सळसळ वाजला. "आता ह्यो निम्मा पाण्यात, निम्मा वर. माणसागत," म्हणालात. मी त्याच्या पोटाला एक पांढरा पट्टा रंगवला, एवढीच माझी कलाकुसर.

वाईच्या घाटावर भोपळा सोडताना एका गुरुजींनी विचारलं की हा कसला विधी. तुम्ही म्हणालात, "चालायचा." गुरुजींनी जरा विचार केला आणि स्वतःच्या थाळीतली दोन फुलं भोपळ्यामागं सोडली. फुलं पुढं गेली, भोपळा मागं राहिला. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात.

आणि मग आपली ती थोर चूक. दिवाळीनंतरचं ऊन चित्रणाला छान असतं म्हणून मी तेव्हा निघायचं ठरवलं. पाऊस सरला की बंधाऱ्याच्या दारांत लोखंडी फळ्या टाकतात, ज्यांना तुम्ही सगळे बरगे म्हणता, आणि पाणी अडवतात, हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं, कारण मी कवठे महांकाळची, मेंढरांमागं वाढलेली. तुम्हाला ठाऊक होतं, पण तुम्ही बोलला नाहीत, कारण तुम्हाला वाटलं कलेत असंच असतं. दोघंही एकमेकांना शहाणं समजत होतो. तुमच्याच गावाच्या वरच्या बंधाऱ्याशी भोपळा येऊन जो थांबला तो थांबलाच.

मी म्हणाले, उचलून पलीकडं टाकू या, कोण बघतंय. तुमचा चेहरा बदलला. "हात लावायचा न्हाई. सांजच्याला मुक्कामाला काढतो ती गोष्ट येगळी, जितनं काढतो तितंच परत सोडतो. पर पुढं ढकलायचा न्हाई. जाईल तवा आपला आपण जाईल." मग तुम्ही सावधान उभे राहिलात आणि जागच्या जागी पावलं उचलायला लागलात. कदमताल. एक तास, दोन तास. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यावरची माणसं मान वळवून बघत होती. मोटर चालू करायला आलेल्या एकानं विचारलं, "आवं हवालदार, विलेक्शनला उभं ऱ्हायलाय काय?" तुम्ही पावलं न थांबवता म्हणालात, "नदी झालोय रं. अडवलीया न्हवं." त्यानं मोटर तशीच सोडली आणि चहा घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी शाळेची मधली सुट्टी झाली आणि तीसेक पोरं येऊन तुमच्यामागं रांगेत उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही एक, दोन म्हणालात आणि सगळी पोरं जागच्या जागी चालायला लागली. बंधाऱ्यावर तीस पोरं आणि एक म्हातारा, सगळे चालताहेत आणि कुणीच कुठं जात नाहीये. मी हसत होते, कॅमेरा हलत होता. तो हलणारा अकरा मिनिटांचा तुकडा मी तसाच ठेवलाय. पुढं सहा महिने थांबलो आपण, बरगे निघेपर्यंत. अख्ख्या कामात त्या अकरा मिनिटांइतकं चांगलं मी दुसरं काही केलेलं नाही, आणि त्यातही माझं म्हणण्यासारखं काहीच नाही.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होत आलं. तुमचं म्हणणं, एकदा तरी पाणी दाखव. माझं म्हणणं, नाही. मी तुम्हाला कारणही सांगितलं होतं. आमच्याकडची अग्रणी वर्षातून चार दिवस नदी असायची आणि बाकीचे दिवस वाट. तिच्या कोरड्या पात्रातून आई घागर घेऊन जायची, आबा मेंढरं घेऊन जायचे. लहानपणी नदी म्हणजे मला चालणारी माणसंच दिसली. पाणी त्या चालण्याच्या शेवटी कुठंतरी असायचं. मला तेच करायचं होतं, नुसतं चालणं दाखवून नदी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुजं बराबर हाय. पर दाखव की एकदा."

आपण निम्मं काम तुमच्या गावच्या देवळात दाखवलं ते आठवतं? सभामंडपात धोतर बांधून पडदा केला होता, तेही तुमचंच. मला धाकधूक होती की चाळीस मिनिटं एका माणसाचं चालणं कोण बघणार. लोक मात्र मजेत होते. "आरं, ती आमची मोटरीची खोली!" "ह्यो बघ आमचा बैल." कदमताल आला तेव्हा ती पोरं उठून पडद्यासमोर उभी राहिली आणि परत चालायला लागली. एक आजी शेवटी म्हणाली, "भोवऱ्यात कशी फिरतीया बघा कृष्णामाई." पडद्यावर फक्त तुम्ही होतात, उसाच्या कडेला गरगर फिरून मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या, चिखलात बसकण मारताना. मला तर आकाश ठेंगणं झालं.

 घरी परतताना फाटकाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "समद्यांनी नदी बघितली. म्याच न्हाई बघितली. मी पुढं बघून चालत हुतो. मी काय झालतो ती मला एकदा बघायचीया." मी त्यावर काहीतरी कलेबद्दल बोलले. काय बोलले ते मला आठवतं आणि ते इथं लिहायची लाज वाटते.

आता ती दुसरी गोष्ट, जी तुम्हाला सांगायची राहिली. भिलवडीच्या खाली तो मुक्काम होता, पावसाची उघडीप होती. संध्याकाळी तुम्ही उंबराखाली थांबलात, हातपाय धुवायला गेलात, आणि नेहमीप्रमाणे जाळीनं भोपळा काढायचं काम माझ्याकडं होतं. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नुकतंच झालेलं चित्रण बघत बसले. तुमच्या खांद्यावर असं ऊन आलं होतं की मी ते दोनदा बघितलं. मान वर केली तेव्हा भोपळा वळणाच्या पलीकडं गेला होता. मला पोहता येत नाही. काठानं धावले, पुढं बाभळीचं रान लागलं. परत आले तर तुम्ही टॉवेलनं तोंड पुसत विचारलंत, "काडला का?" आणि मी म्हणाले, "काढला. पिशवीत आहे."

दुसऱ्या दिवशी मी घरी काम आहे असं खोटंच सांगून मिरजेला गेले. तिथं तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत भोपळ्यांच्या राशी असतात. एका कारागिरानं बाजूला काढलेला लहानसा भोपळा मला दिला आणि विचारलं की कुठलं वाद्य करणार. मी म्हणाले, नदी. तो आधी हसला, मग त्यानंच देठाकडचं भोक मेणानं नीट बुजवून दिलं. आत वाळू हवी होती, पण घाईत मी रस्त्याकडेचा मुरूम भरला होता. वर पांढरा पट्टा ओढला. पुढच्या रविवारी उंबराखाली आलो तेव्हा मी तो पिशवीतून काढून तुमच्या हातात दिला. तुम्ही कानाशी नेलात आणि हलवलात. खुळखुळ वाजला. तुम्ही पुन्हा एकदा हलवून बघितलात. मग म्हणालात, "चला," आणि पाण्यात सोडलात.

तिथून सांगलीपर्यंत तुम्ही त्या भोपळ्यामागं चाललात. मध्ये एकदा म्हणालात, "ह्यो आताशा लय सुरात चाललाय." मी ते कौतुक समजले. रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज तुम्ही असं काहीतरी बोलून हसवायचात की राहून जायचं. सांगलीच्या घाटावर पोचलो तेव्हा तुम्ही पायरीवर बसून मला विचारलंत, "काय सांगायचं हाय का अजून?" मी म्हणाले, "संगमावर सांगेन." ते आपलं शेवटचं धड बोलणं.

तेराव्याची पंगत उठल्यावर तुमच्या मंडळींनी, काकूंनी, मला हाताला धरून गोठ्यात नेलं. दोन वर्षं त्यांनी आपल्याला डबे बांधून दिले, पण या चालण्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी वर आढ्याकडं बोट केलं. दोरीला भोपळा टांगलेला होता. पांढरा पट्टा, जरा पुसट झालेला. काकूंनी काठीनं ढकलला. सळसळ वाजला. तात्या, ती माहुलीची वाळू होती.

"कधीपासून आहे इथं?" मी विचारलं.

"लय दिस झालं. खालच्या अंगाला एकाच्या मोटरीच्या पायपाला अडाकला हुता. त्येचा फोन आला, हवालदार, तुमचा भोपळा एकटाच आलाय, तुमी कुटं हाय? मग एस्टीनं जाऊन घिऊन आलं."

"आणि मला काहीच बोलले नाहीत?"

"म्या म्हटलं की, पोरीला सांगा. तर म्हणालं, ती खोटी न्हाई, घाबरलीया. हात लावायचा न्हाई. बोलंल तवा आपली आपण बोलंल."

म्हणजे तात्या, बंधाऱ्यापाशी थांबलात तसेच तुम्ही माझ्यापाशीही थांबला होतात, आणि माझे बरगे काही निघाले नाहीत. मी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडले. काकू रडू देत होत्या. मग मी विचारलं की खोटा भोपळा आहे हे माहीत असून ते त्याच्यामागं का चालले. काकू म्हणाल्या, "म्या बी ह्येच इच्यारलं. म्हणालं, पाणी खरंच हाय की."

त्यावर मला हसू आलं. रडतानाच आलं. काकूही हसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पर एक हाय. ह्यो भोपळा त्या माणसाच्या मोटरीच्या पुढं गेल्यालाच न्हाई. आन् तितवर आला त्यो बी एकटाच आला. त्येच्या संगं कोन चाललं?" मी मनातल्या मनात वळणं मोजायला लागले. उंबरापासून हरिपूरपर्यंत, मळीतली सगळी वळणं धरून, पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतील. गोठ्यात जाईपर्यंत मला वाटत होतं की तुम्ही माझ्यासाठी काहीच ठेवलं नाहीत, एक अर्धवट काम सोडून. आणि तुम्ही तर एवढी नदी आढ्याला टांगून ठेवली होती. तुमचं सांगलीपर्यंतचं चालणं मी पुसणार नाही. दोन पडदे शेजारी शेजारी लावेन. एकावर तुम्ही, तंबोऱ्याच्या भोपळ्यामागं, सुरात. दुसऱ्यावर मी, त्याच काठानं, जमेल तशी. मी नाचल्यासारखी चालते असं तुम्ही म्हणायचात, ते लोकांना आता दिसेल.

काल आम्ही सुरुवात केली. मी आणि काकू. कॅमेरा धरायला दुसरं कुणी नव्हतं, आणि काकूंना दुसरं कुणी नकोही होतं. लाल बटण कुठलं एवढं विचारलं आणि म्हणाल्या, "चाल तू." उंबराखाली मी भोपळा पाण्यात सोडला. निम्मा पाण्यात, निम्मा वर. तो निघाला आणि मी निघाले. पावलं जमिनीला न सोडता, कंबरेच्या वर काही हलू न देता. पन्नास पावलांत घोटे दुखायला लागले. तुम्ही सत्तरीत हे दिवसभर करत होतात, आणि मी लांबून तुम्हाला सावकाश म्हणून ओरडत होते. माफ करा.

मध्ये झाडाखाली बसून मी चित्रण बघितलं. मी कुठंच नव्हते. सगळं पाणी होतं. पाणी, पाण्यावरचं ऊन, भोपळा, लव्हाळं, एक बगळा, पुन्हा पाणी. मी म्हणाले, "काकू, अहो मी कुठाय? माणसावर धरायचा होता."

"ह्येंला बघायची हुती न्हवं," काकू म्हणाल्या. "म्या ह्येंच्यासाठी काडलं. आन् तू हायस की. ती बघ, भोपळ्याच्या अंगावर तुजी सावली पडलीया."

खरंच पडली होती.  तात्या, हे भांडण तुम्ही जिंकलात, तेही घरचं माणूस फितवून. तो तुकडा मी कापणार नाही.

दुपार कलताना, जाळी धरायला भोपळ्याच्या जरा पुढं होऊन, आम्ही त्या मोटरीपाशी पोचलो. मालक पाइपापाशीच उभे होते, काकूंनी आधीच फोन करून ठेवला होता. त्यांनी चहा ठेवला होता आणि विचारलं, "आज भोपळ्यासंगं कोन आलंय?" काकू म्हणाल्या, "आमी दोगी." मग मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात उतरले आणि जाळी धरून उभी राहिले. मागून काकू विचारत होत्या की आत्ताच काढलेलं जरा बघायचं का, लय झ्याक आलंय. मी म्हणाले, नंतर. भोपळा वळणावरून येत होता, आणि मी त्याच्यावरची नजर काढली नाही.